कालयंत्र आणि नागपूरचा राजवध



जबलपूरचे नाव निघाले म्हणजे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून वाहणारी नर्मदा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या नगराशी निगडित अशी आणखी एक आठवण जपली पाहिजे. जबलपूरच्या जवळच रायचूर नावाचे एक गाव आहे. १३ मे १८१८ च्या सुमारास तेथे कंपनी सरकारच्या एका तुकडीचा तळ पडला होता. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांस कैद करून प्रयागास नेण्यात येत होते. पहाऱ्यावरील काही शिपायांस त्यांनी वश केले आणि शिपायाचाच वेष घालून ते रात्री तळावरून निसटले. पुढे महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांस आश्रय दिला.

या कैद्यावरील आरोपांत एक आरोप राजवधाचा होता. तो वध कोणाचा आणि कशासाठी झाला, हे पाहण्यापूर्वी कथावाङ्मयातील एका कल्पनेकडे वळू.

एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली कालयंत्राची कथा लिहिली, तेव्हापासून भूतकाळात जाऊन एखादी दुर्घटना टाळण्याचा मोह लेखकांस वारंवार पडत आला आहे. त्यातही राजकीय खून हा विषय त्यांच्या विशेष आवडीचा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे खून झाला. तो टाळण्यास निघालेल्या मनुष्याची कादंबरी स्टीफन किंग यांनी २०११ साली प्रसिद्ध केली. नायक केनेडींचे प्राण वाचवितो. पण परत येऊन पाहतो, तो जग पूर्वीपेक्षा वाईट झालेले! आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी लागली नाही असे कल्पून निराळाच हिंदुस्थान उभा केला. तो रणांगणावरचा मृत्यू, खून नव्हे. परंतु प्रश्न तोच. एक क्षण बदलला तर सारे बदलेल काय?

हाच प्रश्न नागपूरला लावून पाहू. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले. पण ते शरीराने पंगू, दृष्टीने अधू आणि बुद्धीने दुर्बळ होते. कारभार कोणी पाहावा, यावरून तंटा लागला. एका बाजूस रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूस परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब. धर्माजी मारले गेले आणि सूत्रे आप्पासाहेबांच्या हाती आली. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी आपल्या बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे होते. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स नागपुरातच होता. कुजबूज झाली, परंतु कंपनीने आप्पासाहेबांस राजा म्हणून मान्यता दिली.

आता समजा, कालयंत्रात बसून कोणी त्या रात्री राजवाड्यात उतरला आणि त्याने मारेकऱ्यांचा हात धरला. परसोजी वाचले. पुढे काय? राजा तोच दुर्बळ, कारभारी तेच आप्पासाहेब. आणि मुख्य गोष्ट अशी की, त्या रात्रीच्या आठ महिने आधी, मे १८१६ च्या अखेरीस, आप्पासाहेबांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह करून टाकला होता. दरसाल साडेसात लाख रुपये द्यावयाचे, कंपनीची फौज पोसावयाची आणि परराज्यांशी स्वतंत्र बोलणे करावयाचे नाही! दुसऱ्या रघूजींनी हयातभर जी अट मानली नाही, ती त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन महिन्यांत पुतण्याने मान्य केली. कारण उघड होते. घरच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्यास बाहेरचा आधार हवा होता.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्यास बाजीरावाने शस्त्र उचलले, तेव्हा आप्पासाहेबही उठले. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई होऊन नागपूरकरांस माघार घ्यावी लागली. १९ डिसेंबरला जबलपूरही इंग्रजांनी घेतले. म्हणजे रायचूरच्या तळावरून जो राजा पळाला, तो जो मुलूख तुडवीत पळाला तो पाच महिन्यांपूर्वी त्याचाच होता.

येथे एक गोष्ट मनास बोचते. जोवर आप्पासाहेब कंपनीच्या उपयोगी होते, तोवर परसोजींचा मृत्यू ही घरगुती बाब राहिली. त्यांनी शस्त्र उचलल्यावर तोच मृत्यू खून ठरला आणि पदच्युतीच्या कारणांत जाऊन बसला. खून झाला नव्हता असे नव्हे. परंतु न्यायाची आठवण सोयीनुसार झाली. बिचारे परसोजी! जिवंतपणी ते एका पक्षाची ढाल होते, दुसऱ्याची अडचण होते. आणि मेल्यावर तिसऱ्याच्या हातचे आरोपपत्र झाले.

कथालेखक खुनाचा क्षण निवडतो, याचे कारण समजण्याजोगे आहे. खुनात एक हात असतो आणि तो रोखता येतो. तहाच्या कागदावर मात्र रक्त दिसत नाही. ज्या भाऊबंदकीतून तो कागद निघतो, ती तर एका रात्रीत रोखण्यासारखी नसतेच. कालयंत्राचा प्रवासी नागपुरास खरेच उपयोगी पडावयाचा असेल, तर त्याने फेब्रुवारीच्या रात्री नव्हे, मे महिन्यातल्या सहीच्या वेळी उतरले पाहिजे. तेथेही त्यास उमगेल की, सही करणाऱ्याची लेखणी काढून घेणे सोपे, पण त्याच्या मनातले आप्तांविषयीचे भय काढून घेणे कठीण.

आप्पासाहेब रानोमाळ, पुढे पंजाबात आणि अखेर राजपुतान्यात भटकले. १८४० साली जोधपूरला त्यांचा अंत झाला. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. या वेळी ना खून झाला, ना लढाई. एका आज्ञेने काम भागले. राज्ये एका रात्रीत बुडाल्यासारखी दिसतात, परंतु ती रात्र उगवण्यापूर्वीच घरातल्या माणसांनी दरवाजे आतून उघडून ठेवलेले असतात.