सरकारी वकील नेमका कोणाचा?

ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये फिर्यादी कुटुंबासोबत कोर्टात गेलात की एक प्रश्न हमखास येतो. तारखेला आलेल्या एका मावशीने मला विचारलं, "बाळा, आपला वकील कोणता?" मी सरकारी वकिलांकडे बोट दाखवलं. ते आमची फाईल व्हरांड्यात उभ्या उभ्या पहिल्यांदाच चाळत होते. मावशी म्हणाली, "हा तर सरकारचा. आपला कसा?"

मित्रांनो, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलीस अधिकाऱ्यालाच खटला चालवू देण्याची सोय होती. म्हणून खालच्या कोर्टात पोलीस प्रॉसिक्युटर उभे राहत. तपास पोलिसांचा, खटलाही पोलिसांचाच. तपासात ढिलाई झाली असेल तर ती कोर्टासमोर मांडणार कोण? नोव्हेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत न्यायव्यवस्था कार्यपालिकेपासून वेगळी करण्याचं कलम ३९-अ मांडलं, तेच आजचं अनुच्छेद ५०. त्यामुळे न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याची निदान चर्चा तरी झाली. सरकारी वकील मात्र मधल्या मध्येच राहिला. त्यालाही पोलिसांपासून वेगळं करा, असं विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात सांगितलं. कायदा यायला १९७३ उजाडलं. नव्या संहितेच्या कलम २५ ने स्पष्ट लिहिलं की पोलीस अधिकारी सहायक सरकारी अभियोक्ता होऊ शकत नाही.

पुढे महाराष्ट्राने काय केलं ते नीट बघा. १ एप्रिल १९७४ ला संहिता लागू झाली, तेव्हा जुन्याच पोलीस प्रॉसिक्युटरांना सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नेमलं आणि त्यांच्यावरचं नियंत्रण पोलीस खात्याकडेच ठेवलं. पाटी बदलली, साहेब तोच. या अभियोक्त्यांनीच शेवटी कोर्टाचं दार ठोठावलं. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की, अभियोक्त्यांचा वेगळा संवर्ग करा, त्यांना पोलीस खात्यापासून पूर्ण मोकळं करा आणि त्यांचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा. कायद्यातली एक ओळ अमलात आणायचा आदेश मिळवायला एकवीस वर्षं लागली, तीही पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात!

२००५ च्या दुरुस्तीने संहितेत कलम २५-अ आलं आणि अभियोग संचालनालयाला कायद्याचा आधार मिळाला. पण संचालक कोणाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली? गृह विभागाच्या. पोलीसही त्याच विभागाचे. तरी एक कडी होती, संचालकाच्या नेमणुकीला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये ही सहमती उरलेली नाही. जिल्हा पातळीवरही संचालनालयाची तरतूद झाली, दोषारोपपत्र छाननीचे अधिकार वाढले, पण गृह विभाग जागेवरच आहे.

मग स्वतंत्र परिषद हवी, असं आपले काही मित्र म्हणतात. मागणी रास्त आहे, पण सर्बियाचं उदाहरण बघा. तिथे २००६ च्या संविधानाने सरकारी अभियोक्त्यांची परिषद निर्माण केली. न्यायमंत्री पदसिद्ध सदस्य, आठ जण संसदेने निवडलेले. २००९ मध्ये न्यायाधीश आणि अभियोक्ते या सगळ्यांच्याच नेमणुका नव्याने झाल्या, शेकडो जण बाहेर फेकले गेले. २०१२ मध्ये संविधान न्यायालयाने ती प्रक्रिया उलथवली. जानेवारी २०२२ च्या सार्वमतानंतर अभियोक्त्यांना आपले पाच सदस्य स्वतः निवडण्याचा हक्क मिळाला, चार वकील-विधिज्ञ संसद निवडते, आणि मंत्री अजूनही आत आहेच. म्हणजे परिषद झाली की स्वातंत्र्य आलं, असं नाही. तिच्यात कोण बसतो आणि पैसा कोण सोडतो, हे बघावं लागतं.

पैशाचं आपल्याकडे काय? ॲट्रॉसिटी नियम १९९५ मधला नियम ४ आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचलाय? पीडिताची इच्छा असेल तर जिल्हा दंडाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात आणि त्याची फीही तेच ठरवतात. शिवाय याच नियमात पॅनलवरच्या इतर वकिलांपेक्षा जास्त दराने फी देण्याची तरतूद आहे. निधीचं रडगाणं गाणाऱ्या साहेबांसमोर हे ठेवा. आणि याच नियमात दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये जिल्हा दंडाधिकारी व अभियोग संचालक यांनी विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा घेऊन सरकारला अहवाल पाठवायचा आहे. हयगय करणाऱ्याला काढण्याची सोयही तिथेच आहे.

आम्ही माहिती अधिकारात हे अहवाल मागितले. पहिल्या कचेरीने अर्ज दुसरीकडे पाठवला, दुसरीने "आमच्याकडे असा अभिलेख नाही" म्हणत पहिलीकडे बोट दाखवलं. अर्ज हस्तांतरित करायला कलम ६(३) नुसार पाच दिवस असतात, उत्तराला तीस. मुदत टळली म्हणून पहिलं अपील टाकलंय. तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात मागच्या तीन वर्षांचे सहाही अहवाल मागा, आणि विशेष सरकारी वकिलांना किती फी दिली, किती थकवली, हे त्याच अर्जात विचारा. मावशीची पुढची तारीख जुलैमध्ये आहे.