सेवा कोलमडल्यावर त्रयस्थ ॲप किती कामाचे?

बल्लारपूर : वर्धा नदीला पूर आला की बल्लारपूर-राजुरा मार्ग सुरू आहे की बंद, गाडी बल्लारशाह स्थानकात केव्हा येणार, ही माहिती आता प्रथम मोबाइलवर शोधली जाते. जुलै २०२२ च्या पुरात हा मार्ग बंद पडला होता. अशा वेळी समाजमाध्यमाची सेवाच कोलमडली, तर 'दुसरे ॲप टाकून पाहा' असा सल्ला हमखास मिळतो. तो कधी उपयोगी पडतो आणि कधी अंगाशी येतो, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

त्रयस्थ ॲप म्हणजे काय?

मूळ कंपनीऐवजी अन्य कोणी तयार केलेले, पण त्याच कंपनीच्या सर्व्हरवरील मजकूर दाखविणारे ॲप म्हणजे त्रयस्थ ॲप. कंपनीने खुल्या केलेल्या 'एपीआय' या मार्गाने ते सर्व्हरकडे मजकूर मागते. केवळ अधिकृत ॲप किंवा संकेतस्थळ बिघडले असेल, तर त्रयस्थ ॲप चालू राहू शकते. मूळ सर्व्हरच बंद असेल, तर मात्र आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

ट्विटरचा धडा

२००६ मध्ये सुरू झालेले ट्विटर पहिली काही वर्षे वारंवार बंद पडे. वाढत्या वापराचा भार यंत्रणेला पेलत नसे आणि पडद्यावर पक्ष्यांनी उचललेल्या देवमाशाचे चित्र झळके. याच काळात ट्विटरिफिक, ट्विटडेक यांसारखी त्रयस्थ ॲप लोकप्रिय झाली. आधी घेतलेले संदेश ती पडद्यावर ठेवत, त्यामुळे सेवा खंडित असतानाही जुना मजकूर वाचता येई. मात्र ताण वाढला की ॲपने तासाभरात किती वेळा मजकूर मागावा, यावरच ट्विटर मर्यादा आणी. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यावेळी शहरातील अनेकांनी घडामोडी ट्विटरवरून कळविल्या. त्यानंतर हे माध्यम केवळ करमणुकीचे राहिले नाही. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना (२०१४ ते २०१७) प्रवाशांच्या तक्रारींची दखलही ट्विटरवरून घेतली जाऊ लागली.

दोर कंपनीच्या हाती

त्रयस्थ ॲपचे भवितव्य मूळ कंपनीच्या मर्जीवर असते. ट्विटरने २०१२ मध्ये नव्या त्रयस्थ ॲपना एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये अशा ॲपचा प्रवेश अचानक बंद केला आणि त्यानंतर नियमात तशी दुरुस्ती केली. ट्विटरिफिकचा सोळा वर्षांचा प्रवास तेथेच संपला. त्याच वर्षी ट्विटरचे नाव 'एक्स' झाले. रेडिटने एपीआयसाठी मोठे शुल्क लावल्याने 'अपोलो' हे ॲपही जून २०२३ अखेर बंद पडले.

नकली व्हॉट्सॲपचा धोका

४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी व्हॉट्सॲप पुन्हा सुमारे दोन तास ठप्प झाले. 'जीबी व्हॉट्सॲप'सारख्या बदल केलेल्या ॲपचाही अशा वेळी उपयोग नसतो, कारण तीही त्याच सर्व्हरवर अवलंबून असतात. व्हॉट्सॲप अशा ॲपना मान्यता देत नाही व ती वापरणाऱ्यांचे खाते बंद करू शकते. २०२१ मध्ये 'एफएम व्हॉट्सॲप'च्या एका आवृत्तीत 'ट्रायडा' हा घातक प्रोग्राम असल्याचे कॅस्परस्की कंपनीने उघड केले होते.

वापरकर्त्यांनी काय करावे?

* त्रयस्थ ॲपला पासवर्ड देऊ नये. ट्विटरने ऑगस्ट २०१० पासून ॲपना थेट पासवर्ड घेण्यास मज्जाव केला. प्रवेशाची परवानगी मूळ सेवेच्या पानावरूनच द्यावी.
* वापरात नसलेल्या ॲपची परवानगी खात्याच्या सेटिंगमधून काढून टाकावी.
* अनोळखी दुव्यावरून ॲप उतरवून घेऊ नये.
* महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. रेल्वेसाठी १३९, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

सोयीसाठी त्रयस्थ ॲप जरूर वापरावे. पण नदीने धोक्याची पातळी ओलांडली असताना त्याच्यावर विसंबून राहू नये. तेव्हा इंटरनेट नसतानाही लागणारा साधा फोनच अधिक भरवशाचा ठरतो.