उंबरठ्यावरची मोजदाद

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवंश आपल्या डोळ्यांसमोर येतात. आज मी ज्या इतिहासाविषयी लिहिणार आहे त्यात तलवार नाही आणि सिंहासनही नाही. त्यात आहे ती केवळ एक मोजदाद: एक मिळवा, एक वजा करा. मॅट्रिकपुढे गणिताशी माझा संबंध राहिला नाही; परंतु बेरीज-वजाबाकी पोरांना शिकविण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. त्या भांडवलावरच हे धाडस करतो.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 1991 साली संगणकासाठी एक 'कर्नल' लिहावयास घेतला. कर्नल म्हणजे गाभा. संगणकाच्या घरातील कर्ता पुरुषच म्हणा ना! जागा कोणाला द्यावयाची, कोणाची काढून घ्यावयाची, हे सारे तो ठरवितो. या गाभ्याचे नाव लिनक्स. वाचकांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशात हा कर्ता पुरुष आजही नांदतो आहे.

त्याची जागा सांभाळण्याची रीत समजावयाला सोपी आहे. गावच्या वाचनालयाची एक खोली डोळ्यांसमोर आणा. दारावर पाटी टांगली आहे. आत जाणाऱ्याने पाटीवरचा आकडा एकाने वाढवावा, बाहेर येणाऱ्याने एकाने कमी करावा. आकडा शून्य झाला की शिपायाने खोली मोकळी करून दुसऱ्यास द्यावी. संगणकाच्या स्मृतीतील असंख्य खोल्या अशाच वापरल्या जातात.

आता एकाच वेळी दोघे जण दाराशी आले तर? दोघांनीही पाटीवर 7 वाचला, दोघांनीही 8 लिहिला. आत मात्र नऊ जण! पुढे पाटीवर शून्य येईल तेव्हा एक जण आतच असेल आणि खोली दुसऱ्याच्या ताब्यात जाईल. लिनक्सने 1996 साली एकाहून अधिक प्रोसेसरांचा संसार मांडला, तेव्हा ही अडचण दारातच उभी होती. तीवर उपाय म्हणजे 'अ‍ॅटॉमिक' क्रिया. बॉम्बशी तिचे नाते नाही. अणू म्हणजे ज्याचे तुकडे पडत नाहीत तो, हा जुना अर्थ येथे घ्यावयाचा. वाचणे, वाढविणे आणि लिहिणे या तिन्ही गोष्टी एका दमात होतात. मध्ये कोणालाही हात घालता येत नाही. वर्षानुवर्षे गाभ्यातील खोल्यांची मोजदाद या साध्या अविभाज्य आकड्यावर चालली.

पण पाटीची रुंदी ठरलेली असते. त्या आकड्याला बत्तीस घरे. म्हणजे एकंदर 4,29,49,67,296 संख्या. त्यानंतर पुन्हा शून्य! गाडीच्या मैलमापकावरील नऊ उलटून शून्ये यावीत तसे. एवढे कोण मोजणार, असे कोणासही वाटेल. जानेवारी 2016 मध्ये पर्सेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी त्याचे उत्तर दिले. गुप्त किल्ल्या जतन करणाऱ्या एका भागात 2012 पासून एक चूक दडून होती: एका विशिष्ट वाटेने गेले असता आकडा वाढे, पण कमी करावयाचा राहून जाई. त्या वाटेने यंत्राला पुन्हा पुन्हा पाठवून त्यांनी आकडा शून्यावर आणून दाखविला. वेळ लागला सुमारे अर्धा तास! खोली वापरात असतानाच मोकळी ठरली आणि एखाद्या सामान्य वापरकर्त्याला तिच्यात स्वतःचे सामान मांडून साऱ्या घराचा मालक होता येऊ लागले.

या रोगावर पॅक्स नावाच्या गटाने गाभ्याबाहेर राहून आधीच औषध तयार ठेवले होते. इंटेलमधील एलेना रेशेतोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 च्या अखेरीस ते गाभ्यात आणण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा वाद पेटला. सर्वच अविभाज्य आकड्यांना पहारा बसवावयाचा, की केवळ खोल्यांच्या मोजदादीला? पीटर झाइल्स्ट्रा यांचा पक्ष असा की, हा आकडा अनेक कामांचा आहे. मोजदादीसाठी स्वतंत्र जातच निर्माण करावी. तिचे नाव पडले 'रेफकाउंट'. एप्रिल 2017 च्या अखेरीस आलेल्या 4.11 या आवृत्तीत ती अवतरली.

हिचा स्वभाव न्यारा आहे. आकडा टोकाला पोहोचला की ही तेथेच ठाण मांडते. शून्याकडे उलटतच नाही. ती खोली मग कायमची अडकून पडते. हे नुकसानच, पण घर दुसऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा एक खोली गमावलेली बरी, हा प्रपंचातला हिशेब येथे मांडला गेला. शिवाय शून्यावरून आकडा वाढवू पाहणाऱ्यालाही ही हटकते, कारण मोकळ्या झालेल्या खोलीत पुन्हा शिरणे हेच मुळी संशयास्पद.

पुढचे काम कष्टाचे होते. जुने आकडे एकेक शोधावयाचे, प्रत्येक खरोखरच मोजदादीचा आहे की नाही हे पारखावयाचे आणि मगच बदलावयाचे. रेशेतोव्हा, हान्स लिल्येस्ट्रांड आणि डेव्हिड विंडसर यांनी अशी दुरुस्तीची कितीतरी पत्रे पाठविली. पहाऱ्यामुळे वेग मंदावतो, अशी तक्रार जाळ्यांचे काम पाहणाऱ्यांनी केली. ती गैर नव्हती. त्यावर केस कुक यांनी त्याच वर्षीच्या 4.14 आवृत्तीत इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरांसाठी वेगवान प्रकार दिला. जानेवारी 2020 मधील 5.5 आवृत्तीत विल डीकन यांनी सर्व यंत्रांना चालेल असा एकच प्रकार आणला. त्याचा भार वेगावर जवळजवळ पडत नाही. सुरक्षितता आणि वेग यांचे भांडण असे तीन वर्षांत मिटले.

मला या हकिकतीत मोठे वाटते ते एवढेच: जुना आकडा गणितात कधीच चुकत नव्हता. त्याला आपण काय मोजतो आहोत हे ठाऊक नव्हते. नव्याला ठाऊक आहे. वर्गात कोणी पोरगा उत्तरादाखल नुसताच 'बारा' म्हणाला तर आपण विचारतो, 'बारा काय? आंबे की माणसे?' लिनक्सच्या कारागिरांनी सव्वीस वर्षांनी आपल्या यंत्राला हाच प्रश्न विचारला. मोजणारा हात स्थिर असून भागत नाही. मोजलेल्या आकड्यामागे कोणाचे तरी बिऱ्हाड आहे, याचे भानही असावे लागते.