सोन्याचा पेला आणि चाचा मॉर्गन

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाला १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गरीब शेतकऱ्यांच्या हालअपेष्टा लिहिणारा लेखक म्हणून तो जगाला ठाऊक आहे. परंतु त्याची पहिली कादंबरी होती एका समुद्री चाच्यावर! 'कप ऑफ गोल्ड', म्हणजे 'सोन्याचा पेला', हे तिचे नाव. ती १९२९ च्या ऑगस्टात निघाली. दोनच महिन्यांनी अमेरिकेत शेअरबाजार कोसळला. पुस्तकाच्या प्रती जेमतेम दीड हजार खपल्या.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण खरा इतिहास कोणता आणि रचलेली गोष्ट कोणती, हे पाहण्याची मला हौस आहे. म्हणून हा लेख.

कादंबरीचा नायक हेन्री मॉर्गन खराखुरा होऊन गेला. तो वेल्स प्रांतातला. जमेका बेटावरून त्याने स्पेनच्या वसाहती लुटल्या. १६६८ साली पोर्तोबेलो आणि १६७१ च्या जानेवारीत पनामा शहर त्याने घेतले. इंग्लंड व स्पेन यांचा तह १६७० सालीच झाला होता. त्यामुळे मॉर्गनला पकडून लंडनला नेले. पण शिक्षा दूरच राहिली. १६७४ साली राजाने त्याला 'सर' केले आणि जमेकाचा उपगव्हर्नर म्हणून परत धाडले! तेथे उसाचे मळे आणि गुलाम बाळगून तो १६८८ साली वारला.

आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत. मराठ्यांच्या लेखी ते आरमाराचे सरखेल होते. म्हणजे चाचा कोण, हे बोलणारा कोणत्या बाजूचा यावरही ठरते. पण पनामा जळून गेले आणि माणसे उघड्यावर पडली, हे कोणत्याही बाजूने पाहिले तरी खोटे ठरत नाही.

मॉर्गनबरोबर एक्सकेमेलिन नावाचा वैद्य होता. त्याने पुस्तक लिहून मॉर्गनचे क्रौर्य चव्हाट्यावर आणले. मॉर्गन लहानपणी बार्बाडोस बेटावर नोकर म्हणून विकला गेला होता, असेही त्याने लिहिले. मॉर्गनला हे फार झोंबले. १६८५ साली लंडनच्या प्रकाशकांवर त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि भरपाई मिळवली. गंमत अशी, की स्टाइनबेकने नेमकी तीच गोष्ट कादंबरीत घेतली!

कादंबरीतला मॉर्गन पनामावर चालून जातो तो एका सुंदर स्त्रीच्या लोभाने. शहर हाती येते, पण ती बाई त्याला झिडकारते. शेवटी तिच्या नवऱ्याकडून खंडणी घेऊन तो तिला सोडतो. पेला मिळाला, पण आत काहीच नाही! हा भाग लेखकाने रंगवलेला. मात्र खऱ्या पनामातही बरीच संपत्ती लुटारू येण्याआधीच जहाजातून निघून गेली होती.

स्टाइनबेकने मुखपृष्ठावरच सांगून टाकले होते, की हे चरित्र 'अधूनमधून इतिहासाला धरून' आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला. आपली मुले इतिहास पुष्कळदा कादंबऱ्या आणि सिनेमांतूनच शिकतात. गोष्ट जरूर वाचू द्यावी. पण खरे किती, रचलेले किती, हा प्रश्न घरात विचारला जावा. नाही तर पराक्रम तेवढा ध्यानात राहतो, आणि ज्यांची घरे जळाली ती माणसे विसरली जातात.