बिरड्याचा सण

अलिबागेत इस्रायल आळी कुठं, हे कुणीही सांगतं. आळीत इस्रायली किती उरले असं विचारलं की मात्र सांगणारा बोटं मोजायला लागतो.

आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग 1848 चं. आज दिसते ती इमारत 1910 साली नव्यानं उभारलेली. बेने इस्रायल स्वतः सिनेगॉगला मशीदच म्हणत, त्यामुळे आमच्या जुन्या माणसांच्या तोंडीही 'इस्रायलांची मशीद'च. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. मधोमध कठड्याचा चौथरा, आणि पश्चिमेकडे पडद्याआडच्या कपाटात चामड्यावर हातानं लिहिलेली तोरा. पश्चिमेकडे, कारण जेरुसलेम त्या दिशेला. आपल्याला पश्चिम म्हणजे समुद्र. त्यांचे पूर्वजही त्याच समुद्रातून आले.

नवगावापाशी गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बुडालेल्यांना नवगावातच पुरलं. पोथ्या दर्यात गेल्या. वाचलेल्यांच्या वंशजांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली : किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर.

पुढे दावीद राहाबी नावाचा गुरू आला. हे खरंच यहुदी का, हे बघायला त्यानं बायकांपुढे म्हणे सगळं म्हावरं एकत्र टाकलं. त्यांनी खवले-पर असलेलं तेवढं रांधायला घेतलं, बाकीचं बाजूला सारलं. कोळंबी-कुर्ल्यांच्या मुलखात राहून हे पाळायचं म्हणजे गंमत नव्हे! मला तर वाटतं, त्यांचा धर्म मशिदीनं नाही, चुलीनं राखला. मशीद फार उशिरा आली.

सणांची नावंच बघा ना. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, त्यामागून खिरीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुखवट्याचा दिवस, तो बिरड्याचा सण! त्या दिवसांत मटण-मासळी वर्ज्य, मग पानात वालाचं बिरडं. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखात पडलेल्या मंदिराचं सुतक आमच्या वालानं धरलं होतं, आणि शेजारच्या घरांना त्याचा पत्ता नव्हता. आम्हाला वाटायचं, आपल्यासारखंच बिरडं खातात.

मग 1948 साली इस्रायल देश झाला आणि घरं एकेक करून निघाली. कुणी भांडण काढलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं, हे तेही आवर्जून सांगतात. गेलेल्यांनी तिकडे मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढलं. नवस बोलला की अजूनही मलिद्याचं ताट मांडतात : गोड पोहे, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं. त्याच्या रथाच्या चाकाची खूण म्हणून खंडाळ्याचा खडक दाखवतात. तिकडची माणसं इथं आली की तो बघायला जातात.

आळीतली मशीद झाडून-पुसून ठेवलेली असते. पण दहा पुरुष जमल्याशिवाय तोरा काढून वाचता येत नाही. एरवी सातवा-आठवा माणूस आला की सगळे दाराकडे बघत बसतात.