काचेच्या पेटीतली हस्तलिखिते आणि आपण

विद्यापीठाचे ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेच्या तयारीला बसलेली मुले आणि क्रमिक पुस्तकांची कपाटे येतात. पण जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आणखी एक जागा असते. तिथे काचेच्या पेटीत एखादे हस्तलिखित उघडून ठेवलेले असते, शेजारी एक लहानशी चिठ्ठी असते आणि बघणारा क्षणभर थांबून पुढे जातो. त्या क्षणभरात त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार आपण मराठी मुसलमानांनी केला पाहिजे. कारण त्या पेट्यांत आपल्या पूर्वजांची मेहनत मोठ्या प्रमाणावर पडून आहे.

आम्हा नागपूरकडच्या लोकांना संग्रहालय नवे नाही. नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. सावनेर, काटोल, रामटेककडून शहरात गेलेला माणूस पोराबाळांना तिथे नेतोच. पण मूर्ती, तलवार किंवा पेंढा भरलेला वाघ दाखवणे वेगळे आणि किताब दाखवणे वेगळे. तलवार पाहिली की समजते. किताबीची मात्र दोनच पाने एका वेळी उघडी ठेवता येतात. बाकीची शेकडो मिटलेलीच राहतात. त्यातून कागद आणि शाईला उजेडाचे भय. म्हणून दिवा मंद ठेवावा लागतो आणि काही महिन्यांनी पान उलटावे किंवा किताब आत न्यावी लागते. म्हणजे ग्रंथाचे प्रदर्शन हे स्वभावतःच अपुरे असते. ते पुरे करतो तो वाचणारा.

महाराष्ट्रात या गोष्टीचा सर्वांत बोलका दाखला मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील ग्रंथालयाचा आहे. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, पण त्याला ग्रंथालयाची स्वतःची इमारत नव्हती. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पुढे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. ही रक्कम आली कुठून? अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या बाजारात गुजरातच्या मालाबरोबर वऱ्हाडचा आणि आपल्या हिंगणघाटचाही कापूस होता. तेव्हा राजाबाई टॉवरच्या पायात विदर्भाच्या काळ्या मातीचाही थोडा वाटा आहे, असे म्हटले तर ती बढाई होणार नाही.

इमारतीचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. १८६९ मध्ये पाया घातला गेला आणि १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे बसवलेले आहेत. म्हणजे ही इमारत स्वतःच एक प्रदर्शन आहे. इथे कोण कोण लोक राहतात, हे तिने दगडात मांडून ठेवले. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही वास्तूही आली.

परंतु बाहेरच्या दगडापेक्षा आतला कागद अधिक मोलाचा आहे. या ग्रंथालयातील अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ साली प्रसिद्ध झाली. ती तयार केली शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी. संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली. ती १९४४ ची. सूची म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. प्रत्येक पोथी हातात घ्यायची, पाने मोजायची, एका पानावर ओळी किती ते पाहायचे, कर्ता कोण, नक्कल करणारा कोण, साल कोणते, कोठे वाळवी लागली, कोठे पान गहाळ आहे, हे सगळे नोंदवायचे. ज्याला आपण फेरिस्त म्हणतो तेच ग्रंथालयाचे पहिले आणि खरे प्रदर्शन असते. काचेच्या पेटीत पाच-दहा ग्रंथ मावतात, सूचीत सगळे. आणि सूची टपालाने कैरोपासून लंडनपर्यंत जाते.

याच ग्रंथालयात पुढे एक असा संग्रह आला की त्याची हकीकत प्रत्येक मुस्लिम घरात सांगितली जावी. तो संग्रह प्राचार्य आसफ अली असगर फैजी यांचा. फैजींचा जन्म १८९९ साली आपल्या महाराष्ट्रातच, माथेरानला झाला. घराणे सुलेमानी बोहरा. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा १९४९ चा ग्रंथ वकील आणि न्यायाधीश अजूनही उघडतात.

त्यांच्याकडे इस्माईली पंथाची सुमारे २०० हस्तलिखिते होती. या ग्रंथांचा प्रवास मोठा लांबचा आहे. दहाव्या ते बाराव्या शतकात उत्तर आफ्रिका आणि इजिप्तवर फातिमी खलिफांचे राज्य होते. त्यांनी १००५ साली कैरोत दारुल इल्म स्थापन केले. तिथे कोणीही जाऊन वाचावे, नक्कल करावी. कागद, कलम, दौत, शाई तिथेच मिळे. ११७१ मध्ये फातिमी सत्ता संपली आणि कैरोतले ग्रंथ विखुरले. पण त्यातले पुष्कळ ग्रंथ यमनमधील अनुयायांनी जपले होते. तिथून ते सोळाव्या शतकाच्या सुमारास गुजरातेत आले आणि बोहरा घराण्यांत त्यांच्या नकला होत राहिल्या. छळाच्या काळात ज्यांना आपली श्रद्धा लपवावी लागली, त्यांनी ग्रंथही लपवले. परवानगीवाचून ते कोणाला दाखवायचे नाहीत, ही रीत त्या भयातून आली. रीत चुकीची होती असे म्हणता येत नाही, कारण तिच्यामुळेच ग्रंथ वाचले. पण भय सरल्यावरही पेटी बंदच राहिली तर जपणारा हळूहळू मोजदाद विसरतो आणि वाळवी विसरत नाही.

फैजींनी आपली हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. मुइझ गोरियावाला यांनी केलेली त्यांची सूची विद्यापीठाने १९६५ साली छापली. जगातल्या अभ्यासकांना या पंथाची माहिती शतकानुशतके बहुतांशी त्याच्या विरोधकांच्या लिखाणातून मिळत होती. घरची हस्तलिखिते वाचायला मिळाल्यावर तो इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला. स्वतः फैजींनी फातिमी काळातील काझी नोमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या कायदाग्रंथाचे संपादन केले. त्याचे दोन खंड १९५१ आणि १९६० मध्ये कैरोत छापले गेले. ज्या शहरातून ग्रंथ निघाला, त्याच शहरात तो मुंबईच्या माणसाच्या हातून छापून परतला. दारुल इल्मचा दरवाजा जणू फोर्टमध्ये पुन्हा उघडला.

ही केवळ बोहऱ्यांची किंवा केवळ मुसलमानांची गोष्ट नाही. आपल्या विदर्भातही असेच घडले आहे. महानुभाव पंथीयांनीही आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले होते. विसाव्या शतकात त्या लिपीचे कोडे सुटले आणि मराठी गद्याचा सातशे वर्षांपूर्वीचा खजिना वाचकांसमोर आला. त्या साहित्यावर आयुष्य वेचणारे डॉ. वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. आज त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. दोन निराळे पंथ आणि निराळ्या भाषा. पण दोघांनीही ग्रंथ लपवून जपले आणि दोघांचेही ग्रंथ अखेर अभ्यासकांच्या स्वाधीन झाले. शाळेत हा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून शिकवला तर मुलांना किती गोष्टी आपोआप समजतील!

आता पेटीजवळच्या त्या चिठ्ठीकडे वळू. चिठ्ठीवर सहसा ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा आणि काळ एवढेच असते. पण एका हस्तलिखितामागे कितीतरी हात असतात. पहिला हात कागद करणाऱ्याचा. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी नामांकित आहे. जुन्नरचा कागद पेशवाईत चाले आणि पुण्याच्या कसब्यातल्या एका भागाला कागदीपुरा हेच नाव पडले. हे कागद करणारे कागजी बहुतेक मुसलमान. म्हणजे पेटीतला ग्रंथ संस्कृतात असो, मोडीत असो की फारसीत, तो ज्यावर उभा आहे तो कागद पुष्कळदा त्यांच्या हातचा. चिंध्या कुटून, लगदा करून, साच्यावर पसरून आणि दगडाने घोटून त्यांनी तो गुळगुळीत केला, म्हणून लेखणी चालली. चिठ्ठीवर मात्र त्यांचा उल्लेख नसतो.

दुसरा हात नक्कलनवीसाचा. फारसी-उर्दू हस्तलिखिताच्या शेवटी तरकीमा असतो. मराठी-संस्कृत पोथीत त्यालाच पुष्पिका म्हणतात. त्यात नक्कल करणारा आपले नाव, गाव, हिजरी साल आणि वाचकाकडे दुवेची मागणी लिहून ठेवतो. तिसरा हात जिल्द बांधणाऱ्याचा. उजव्या पानाच्या तळाशी तिरपा लिहिलेला एक शब्द असतो. पुढचे पान त्याच शब्दाने सुरू होते. पानांना क्रमांक नसताना, सुटी पाने लावताना चूक होऊ नये म्हणून केलेली ही सोय. मुलांना ही एक खूण सांगितली की पेटीपुढे ती रेंगाळू लागतात. नस्तालिक वाचणारे आठवीचे पोर फारसीचा अर्थ लावू शकणार नाही, पण अक्षरे लावील, एखादे नाव ओळखील. चिठ्ठीवर नसलेले काहीतरी त्याला दिसेल.

सूचीची एक मर्यादाही लक्षात घ्यावी. सूच्या भाषेप्रमाणे लागतात; अरबी-फारसी-उर्दू एका खंडात, संस्कृत-प्राकृत दुसऱ्यात, मराठी तिसरीकडे. त्यामुळे मुसलमानांचे ते सगळे फारसीतच असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठीत आहे, हुसेन अंबरखानांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली. आपला वारसा एका कपाटात मावत नाही. तो शोधायला ग्रंथालयभर हिंडावे लागते.

आणि आता आपल्या घरातली गोष्ट. कुराणशरीफची जीर्ण पाने पायदळी येऊ नयेत म्हणून आपण ती पुरतो किंवा वाहत्या पाण्यात ठंडी करतो. ही अदब योग्यच आहे. पण त्या गठ्ठ्यात अरबी अक्षर दिसले म्हणून आजोबांची सनद, निकाहनामे, वक्फचे कागद, हकिमी नुस्ख्यांची वही, एखाद्या अनाम शायराची बयाझ हेही सगळे जाते. घरात ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही की प्रत्येक कागद पवित्र वाटतो आणि म्हणूनच नाहीसा होतो. मुलांना इंग्रजी शिकवावी, मराठी उत्तम शिकवावी, यात वाद नाही. पण निदान गठ्ठा पाण्यात सोडण्याआधी तो उघडून वाचील, असा एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात असला पाहिजे.

काम अवघड नाही. गठ्ठा उघडावा, धार्मिक पाने अदबीने वेगळी करावीत, उरलेल्या कागदांची साधी वहीत यादी करावी आणि फोटो काढून ठेवावेत. मूळ कागद विद्यापीठाला द्यायचे नसतील तर देऊ नयेत. नोंद तरी द्यावी. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर केले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन हा त्याचा हेतू आहे. त्या कोटीत आपल्या गावची चार पाने असावीत की नसावीत, हे सरकार ठरवणार नाही, आपण ठरवू. आणि ग्रंथालयांकडे एक रास्त मागणीही करावी की, पेटीजवळची चिठ्ठी मराठीत आणि उर्दूतही असावी, त्यावर कागद करणाऱ्याचा आणि नक्कलनवीसाचाही उल्लेख असावा.

फैजींनी ग्रंथ दिले, सरफराजांनी आणि गोरियावालांनी ते मोजून-वाचून नोंदवले, विद्यापीठाने सांभाळले. या साखळीत एक कडी राहिली आहे, ती वाचणाऱ्याची. ती कडी उर्दू शाळांतून आणि मराठी वाचणाऱ्या मुस्लिम घरांतून तयार झाली नाही, तर पेटीतले पान उघडे असूनही बंदच राहील.