काल्पनिक बेसबॉलमधील वेतनमर्यादा व खेळाडूंची अदलाबदल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात खेळाडूंच्या अदलाबदलीचा प्रश्न हा मुळात मालकी हक्काचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेल्या राखीव कलमामुळे कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरील संघमालकाचा हक्क कायम राही आणि मालक त्याला परस्पर दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करू शके. १९६९ मध्ये सेंट लुई कार्डिनल्सने कर्ट फ्लड यास फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. त्याने जाण्यास नकार देऊन न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. तथापि डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निवाडा दिला आणि खेळाडूला आपले मोल बाजारात अजमावण्याचा मार्ग खुला झाला.

याच पार्श्वभूमीवर १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये ‘रोटिसरी’ लीग सुरू केली. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याचेच नाव खेळाला मिळाले. प्रत्येक सहभागी हा ‘मालक’. पुढे प्रमाण ठरलेल्या नियमांनुसार त्याने २६० डॉलरांत लिलावातून २३ खेळाडू घ्यावयाचे आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष सामन्यांतील आकडेवारीवरून काल्पनिक संघांचा क्रम लावावयाचा, असे याचे स्वरूप होते.

लिलाव एका दिवसात संपे. वाटाघाटी मात्र हंगामभर चालत. येथे खेळाडूची बोली त्याला कायमची चिकटलेली असे, आणि मर्यादित खर्चाच्या या व्यवस्थेत सौद्याचे मर्म तेथेच होते. चाळीस डॉलरांचा नामवंत फलंदाज आणि दोन डॉलरांचा होतकरू तरुण यांची अदलाबदल वरवर पाहता विषम वाटते. परंतु तळाशी असलेल्या मालकाला चालू हंगामातून काहीच मिळवावयाचे नसे. दोन डॉलरांतच पुढील वर्षी राखता येणारा तरुण त्याच्या लेखी अधिक मोलाचा. विजेतेपदाच्या शर्यतीतील मालकाला पुढील वर्षाची फिकीर नसे. म्हणजे येथे दोन खेळाडूंची नव्हे, तर वर्तमानाची व भविष्याची अदलाबदल होत असे. चतुर मालक समोरच्याची गरज आधी ओळखी, आपली शेवटपर्यंत झाकून ठेवी. अशा सौद्यांनी तळचे संघ एखाद्यालाच जिंकून देतात, अशी तक्रार उरलेले मालक करीत. ती निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच काही लीगनी वेतनमर्यादा लिलावापुरती न ठेवता संपूर्ण हंगामाला लागू केली.

या साऱ्या घासाघिशीत एका पक्षाला स्थान नव्हते, तो म्हणजे खेळाडू. त्याची संमती कोणी विचारीत नसे आणि त्याची किंमत मालकाच्या सोयीने गोठलेली असे. जे राखीव कलम लवादाने निष्प्रभ केले, तेच सुशिक्षित बेसबॉलप्रेमींनी विरंगुळा म्हणून पुन्हा उभारले, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वास्तवातील संघमालकांनाही अशीच मर्यादा हवी होती. त्यांच्या या मागणीविरुद्ध १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडू संपावर गेले, १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिज झाली नाही आणि १९९५ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तो वेतनमर्यादेवाचूनच. संपाच्या काळात प्रत्यक्ष सामनेच नसल्याने काल्पनिक मालकांचे गुणतक्तेही ११ ऑगस्टच्या आकड्यांवर थांबले.